पेनिसिलिन आणि भावकी

शिवकांताआक्कांचं नाव आधी सांगतो, झालं काय ते मग. लग्नपत्रिकेत वर कुलदैवताचं नाव असतं आणि लग्न कुणाचं ते खाली, तसंच हे. माझ्या डोळ्याची हकिकत सांगायची म्हटली की वर आक्काच येतात.

युसूफ वडगावात बाजाराच्या रस्त्यावर त्यांचं किराणा दुकान. कपाळाला भस्माचे तीन पट्टे, गळ्यात दोऱ्यानं बांधलेलं लिंग, पदर कमरेला खोचलेला, आणि आवाज असा की पिठाच्या गिरणीत उभ्या असलेल्या माणसालाही हाक ऐकू जावी. नवा माणूस आला की लोक त्याचं नाव विचारतात, गाव विचारतात, कुणाचा कोण ते विचारतात. आक्का विचारायच्या, "तुला काय बाधतं?"

पहिल्यांदा ऐकणारा गोंधळायचा. बदलून आलेल्या एका तलाठ्याला त्यांनी हे विचारलं तेव्हा तो पायरीवरच थबकला. आपल्याविरुद्ध कुणीतरी तक्रार केली असं त्याला वाटलं म्हणे. आक्कांना एवढंच हवं असायचं की ह्या माणसाला वांगं चालतं का, शेंगदाण्यानं घसा धरतो का, हरभऱ्याची डाळ पोटात गुरगुरते का. एकदा सांगितलं की ते त्यांच्या डोक्यात कायमचं बसायचं. कितीतरी वर्षांनी तोच माणूस कुणाच्या तरी पंगतीत बसलेला दिसला तर वाढणाऱ्याचा हात त्या वरच्यावर धरायच्या. "त्यांना नको वाढू. त्यांना तीळ बाधतात."

ही खोड कशी लागली ते त्या स्वतःच रंगवून सांगत. थोरल्या नणंदेचं लग्न होतं. आदल्या दिवशी वऱ्हाड आलं, नवरदेवाला भरली वांगी वाढली. "नवरदेव लाजाळू. सासुरवाडीत नको कसं म्हणावं? खाल्लं गपगुमान. सकाळी मुंडावळ्या बांधायला गेले तर तोंड ह्ये असं, भोपळ्यावानी. अंतरपाट खाली आला अन् नणंद मागं सरली. म्हणती, बघायला आलता तो ह्यो न्हाई, दुसराच हाय." सगळे हसून झाले की शेवटचं वाक्य ठरलेलं असायचं. "खाणारा लाजतो. म्हणून वाढणाऱ्यानं इचारावं."

आक्का आमच्या दूध संस्थेच्या संचालकही होत्या. बायकांसाठी राखलेल्या जागेवर त्यांना घेतलं तेव्हा चेअरमनचा अंदाज होता की ही बाई सही करील आणि आपल्या दुकानात जाऊन बसेल. आक्का प्रत्येक मीटिंगला जाऊन पहिल्या रांगेत बसायला लागल्या. दुष्काळाच्या वर्षी संस्थेनं माळावर जनावरांची चारा छावणी उघडली, तेव्हा भर मीटिंगमध्ये त्यांनी विचारलं, "जनावराला चारा हाय. त्येच्यासंगं आलेल्या माणसानं काय दावं चावायचं का?" त्या एका प्रश्नावर छावणीत माणसांसाठी डाळभाकरीची चूल पेटली. आक्का दुकान सुनेवर सोपवून तिथं वाढायला उभ्या राहायच्या.

मी सातवीनंतर शाळा सोडली होती. माय-बापासोबत ऊसतोडीला जायचो. डावा डोळा लहानपणी गोवरात गेलेला. त्यात फूल पडलं होतं, उजेड आणि अंधार एवढंच त्याला कळायचं. सगळा कारभार उजव्यावर. त्या वर्षी पाण्यावाचून ऊसच कमी होता, कारखाना लवकर बंद पडायच्या बेतात, आणि मुकादम घाई करत होता. मी वाकून कोयता मारला आणि शेजारच्या उसाचं पान सुईसारखं उजव्या डोळ्यात घुसलं. जखम भरली. पण बुबुळामागं हळूहळू दुधासारखं पांढरं साचत गेलं. डॉक्टरांच्या भाषेत माराचा मोतीबिंदू. आमच्या भाषेत, विशीतलं पोरगं आंधळं झालं.

टोळीवरून परत आलो तो सरळ छावणीत. आमची बैलजोडी तिथं बांधली, शेजारीच आमची खोप. घरचा चारा संपलेला, म्हणून छावणीत बाहेरून आणलेला ऊसच जनावरांपुढं टाकायचे. ज्या पानानं माझा डोळा नेला ते पान बैल कडाकडा चावतायत, हे ऐकत मी खुंट्यापाशी बसून असायचो.

पहिल्याच दिवशी माझ्या ताटलीवर पळी धरून आक्का म्हणाल्या, "तुला काय बाधतं रे बाल्या?"

"काहीच न्हाई," मी म्हणालो. "आमाला सगळं चालतंय."

"सगळं चालणारा माणूस मी अजून बघितला न्हाई. आठव. आठवलं की सांग."

आठवण्यासारखं काही आहे असं मला वाटलंच नाही. बाधणं हे पोटभर खाणाऱ्यांचं काम, अशी आमच्या घरची समजूत होती.

त्याच उन्हाळ्यात चेअरमनच्या वाढदिवसानिमित्त संस्थेनं नेत्रशिबिर ठेवलं. तपासणी संस्थेच्या हॉलमध्ये आणि शस्त्रक्रिया तालुक्याच्या एका दवाखान्यात. बाहेरून आलेल्या डॉक्टर मॅडम तरुण होत्या, हळू बोलायच्या. त्यांनी बॅटरी लावून माझा डोळा बराच वेळ पाहिला आणि म्हणाल्या, "हा डोळा उघडेल. मागचा पडदा चांगला वाटतोय." माझी माय, सोजरबाई, तिथंच त्यांच्या पायाशी वाकली. मॅडम बिचाऱ्या खुर्चीसकट मागं सरकल्या.

ऑपरेशनच्या आधी मॅडमनी मायला पुन्हा पुन्हा विचारलं, "ह्याला कधी कुठल्या औषधाचा, इंजेक्शनचा त्रास झालाय का?" माय म्हणाली, "न्हाई बाई, कदीच न्हाई." हातावर थेंबभर औषध टोचूनही पाहिलं, तिथं काही उमटलं नाही. मग मला टेबलावर घेतलं, डोळ्याभोवतीचा भाग बधिर केला, तोंडावर कापड टाकलं. मॅडम म्हणाल्या, "आता अजिबात हलायचं नाही. बोलायचंही नाही." आणि जखमेत पू होऊ नये म्हणून जे औषध देतात, ते सलाइनच्या नळीतून सोडलं.

आधी तळहात खाजायला लागले. मग कानाच्या पाळ्या तापल्या. जीभ तोंडात मावेना. छातीवर कुणीतरी उसाची मोळी ठेवली आणि तिच्यावर आणखी एक. मला ओरडायचं होतं, पण बोलायचं नाही असं सांगितलेलं. शाळा सुटली होती, सांगितलेलं ऐकायची सवय सुटली नव्हती. मी गप्प पडून राहिलो. शेवटी पायच आपोआप झाडले गेले. कापड उचललं गेलं आणि मॅडमचा हळू आवाज पहिल्यांदा मोठा झाला. मांडीत सुई बसली, नाकाला नळी लागली, आणि पुढचं मला आठवत नाही. डोळ्याला काही लागायच्या आधीच ऑपरेशन थांबलं होतं.

शुद्धीवर आलो ते कॉटवर. डोळ्यांपुढं तोच दुधाळ अंधार, त्यात नुसते आवाज. मायचं मुसमुसणं, आमच्यासोबत आलेल्या आक्कांचं तिला धीर देणं. मग चेअरमनचा आवाज. बातमी कळताच ते धावत आले होते आणि, खरं सांगायचं तर, घाबरलेले होते.

"आक्का, उगं गावभर करू नका. पोराला ऊन लागलं, भोवळ आली, बास. म्हातारी माणसं रांगंत बसल्यात, भिऊन उठून जातील."

"ऊन?" आक्का म्हणाल्या. "चेअरमन, तुमी आज ऊन म्हणलात तर उद्या दुसरा डॉक्टर ह्येच्या डोक्यावर छत्री धरील, अन् सुई तीच टोचील. मग पोरगं कुणाच्या नावानं जाईल? उन्हाच्या?"

"तसं न्हाई, पण संस्थेचं नाव..."

आक्कांनी आवाज खाली आणला. मी कॉटवर अगदी जवळ होतो म्हणून ऐकू आलं. "संस्थेच्या नावाची फिकीर मलाबी हाय. दूध संस्थेच्या चेअरमनला दूध बाधतं, पेलाभर पिलं की परसाकडं पळावं लागतं, हे मी आजवर कुणाला सांगितलं का? दर मीटिंगला तुमच्या म्होरं कोरा चहा येतो, तो कोण धाडतं?"

 चेअरमनच्या चपलांचा आवाज दारापर्यंत गेला, थांबला. मग तिथून ते म्हणाले, "पुढं कुठं न्यायचं झालं तर जीप सांगा."

ते गेल्यावर आक्का माझ्याकडं वळल्या. "अन् तू रे? गुदमरून मरायलास तरी गप? शाळेत एवढा शाना असतास तर मास्तर झाला असतास." मग मायच्या शेजारी फरशीवरच बसल्या. मॅडमही तिथं आल्या होत्या.

"सोजर, आता मला नीट सांग. ह्येच्या अंगावर असं कदी उठलतं का?"

"असं न्हाई," माय म्हणाली. "एकदा टोळीवर पित्त उठलतं. पण त्ये पित्त. औषधाचं न्हाई."

"कवा?"

"पायाला कोयता लागलता तवा."

"कुणाला दाखवलतं?"

"तिथल्याच डॉक्टरला. त्यानं सुई दिली. खोपीवर येऊस्तवर अंगभर गांध्या, ओठ सुजले, डोळे मिटले. म्या घोंगडीनं घासलं, गेरू लावला. सकाळपतुर उतरलं." माय जरा थांबली आणि स्वतःलाच सांगावं तसं म्हणाली, "पित्तच व्हतं की ओ. गेरूनं उतरलं न्हवं."

 मायनं काही लपवलं नव्हतं. आमच्याकडं अंगावर गांध्या उठल्या की ते पित्त, आणि पित्ताला घोंगडी आणि गेरू. औषध बाधलं म्हणजे उलटी व्हावी, नाहीतर चक्कर यावी. तिला औषधाचं विचारलं, तिनं औषधाचं उत्तर दिलं.

मॅडमनी हळूच विचारलं, "ती सुई कशी होती, आठवतं?"

"पांढरी पूड व्हती बाई, बाटलीत. पाणी घालून हलीवली. लई दुकती ती सुई. पोरगं एका पायानं लंगडत गेलतं, दोन्ही पायानं लंगडत आलं."

"बहुतेक पेनिसिलिन," मॅडम म्हणाल्या. "आज दिलं ते पेनिसिलिन नाही, पण त्याच कुटुंबातलं आहे. काही जणांना एक सोसलं नाही की दुसरंही सोसत नाही. हातावरच्या चाचणीत ते दर वेळी दिसतंच असं नाही." मग म्हणाल्या, "पित्त उठतं का, असंही आता विचारत जाईन मी."

"म्हंजी भावकी," आक्का म्हणाल्या.

"काय?"

"औषधालाबी भावकी असती म्हणा की. चूल येगळी, बांध येगळा, पण भांडायला उठले की समदे एक."

मॅडम हसल्या. त्या दिवशी त्या खोलीत पहिल्यांदाच कुणीतरी हसलं.

कुठली औषधं टाळायची ते मॅडमनी कागदावर लिहून दिलं. अंग पूर्ण बरं झालं की मोठ्या शहरातल्या आपल्या दवाखान्यात या म्हणाल्या. तिथं अशा वेळेची सगळी तयारी असते, दुसऱ्या कुळातलं औषध वापरून डोळा करू. मायनं कागदाची घडी घालून ती खोपीच्या कुडात खोचली. छावणीत शेळ्यांना मनाई होती, पण शेळीला मनाई कुठं वाचता येते. माळावर तिला हिरवं पान दिसत नव्हतं, कागद दिसला. माय ओरडत धावली तेव्हा एक कोपरा तेवढा शेळीच्या तोंडाबाहेर उरला होता. माय डोक्याला हात लावून बसली. आक्का शेळीजवळ गेल्या आणि म्हणाल्या, "बघू, हिला काय बाधतंय का."

दुसऱ्या दिवशी तालुक्याला जाऊन त्यांनी तोच मजकूर पुन्हा लिहून आणला. ह्या खेपेला मायच्या हातात दिला नाही. "कागदाचा भरवसा न्हाई," येता-जाता म्हणत राहिल्या. "दुष्काळात शेळी पोथीबी खाईल."

पण खरी अडचण कागदाची नव्हती, माझी होती. मी जाणार नाही म्हणालो. अंधारात माणूस जगतो. श्वास कोंडला की संपलं. छातीवरच्या त्या दोन मोळ्या मला रोज जाणवायच्या. कुणी पाणी दिलं तरी मी आधी वास घ्यायचो. बाप म्हणाला, राहू द्या, देवानं ठेवलंय तेवढं बास. माय काहीच म्हणाली नाही. तिला आता स्वतःच्या कुठल्याच उत्तराची खात्री राहिली नव्हती.

आक्कांनी माझी समजूत घातली नाही. एका सकाळी माझ्या पुढ्यात सूप आणून ठेवलं. "डाळ निवड. बसून खातोस." मी बोटांनी चाचपडत निवडली. दुपारी ती शिजली आणि त्यांनी मला वाढली. पहिल्याच घासाला दाताखाली खडा आला. दुसऱ्यालाही आला. थुंकायला वळलो तर म्हणाल्या, "खा. तूच निवडलंय."

"आक्का, लई खडे हायत."

"हायत. म्हणून बाकीच्यांना येगळी शिजवलीया." मग त्या माझ्याजवळ टेकल्या. आवाजातला ठसका गेला होता. "आज माय निवडून घालील. मी घालीन. पुढं कोण, बाल्या?"

मी ताटली खाली ठेवली.

"भ्या वाटतंय का?"

"लई."

"मलाबी वाटतंय. तुला न्यायचं म्हणती, काय झालं तर सोजरला तोंड कसं दावू? पण तवा आपल्याला दुश्मन कोण ते म्हाईत नव्हतं. नाव म्हाईत नसताना तू टेबलावर चढलास, अन् नाव कळल्यावर पळतोस? कावून?"

 मी ती डाळ खड्यांसकट संपवली. एवढंच माझं होकाराचं उत्तर.

चेअरमनची जीप आली. पुढं चेअरमन स्वतः बसले होते. रस्त्यात हॉटेलवर थांबलो तेव्हा आक्कांनी आतल्या माणसाला ओरडून सांगितलं, "एक चहा कोरा," आणि चेअरमन म्हणे खिडकीतून बाहेर बघत राहिले.

मोठ्या दवाखान्यात शिरल्यापासून आक्कांनी जो भेटेल त्याला गाठलं. फाटकावरच्या वॉचमनला सांगितलं. केसपेपर काढणाऱ्याला, फरशी पुसणाऱ्या बाईला, सलाइन घेऊन जाणाऱ्या सिस्टरला सांगितलं. "ह्येला पेनिसिलिन बाधतं. त्येच्या भावकीतलंबी चालत न्हाई." चहा घेऊन फिरणाऱ्यालाही सोडलं नाही. तो म्हणाला, "मावशी, मी चहा विकतो." आक्का म्हणाल्या, "असू दे. तूबी ऐकून ठेव. वेळंला कोण कुठं असंल, सांगता येत न्हाई."

मॅडमनी सगळं ऐकलं होतं, तरी आक्कांनी दारात उभं राहून पुन्हा एकदा सांगितलं आणि मॅडमनी पुन्हा एकदा मान डोलावली. मला टेबलावर घेतलं तेव्हा मॅडम म्हणाल्या, "ह्या वेळी हलायचं नाही, पण काही वाटलं तर लगेच बोलायचं." मग काय, मी बोलतच राहिलो. "मॅडम, तळहात अजून खाजले न्हाईत." जरा वेळानं, "मॅडम, कान गार हायत." शेवटी त्या हात न थांबवता म्हणाल्या, "बालाजी, खाजलं तरच सांगा." दाराबाहेरून आक्कांचा आवाज आला, "बोलू द्या त्येला. मागल्या बारीचं राहिलंय."

पट्टी सोडली तेव्हा आधी नुसता उजेड घुसला. मग त्या उजेडात काहीतरी राखाडी दिसलं. मग ते तीन पट्टे झाले आणि पट्ट्यांखाली आक्कांचा चेहरा आला. मधला पट्टा एका बाजूला उतरला होता. दवाखान्यात आरसा नव्हता, अंदाजानं लावून बसल्या असणार.

"आक्का," मी म्हणालो, "भस्म वाकडं लागलंय."

त्यांनी पदर तोंडाला लावला. बराच वेळ काढलाच नाही. मग मायला म्हणाल्या, "आल्या आल्या चुका काढायला लागला. डोळा चांगला बसलाय सोजर."

कागदाची गोष्ट त्या विसरल्या नव्हत्या. गावी परतल्यावर, माझी प्रकृती पूर्ण सावरली तेव्हा, बाजाराच्या दिवशी त्यांनी मला गोंदणाऱ्या बाईसमोर नेऊन बसवलं. ती मशीन पुसत म्हणाली, "बदाम काढू का नाव? बायकोचं असंल तर चांगलं वळणदार काढते."

"बायको यायचीय अजून," आक्का म्हणाल्या. "मी सांगते ते काढ."

गोंदणारीला वाचता येत नव्हतं. आक्कांनी माझ्या हाताच्या आतल्या बाजूला बॉलपेननं, पाटीवर गिरवावं तसं लिहून दिलं आणि तिनं त्यावरून सुई फिरवली. 'पेनिसिलिन' झालं. मग आक्का थांबल्या, डोकं खाजवलं. "भावकी राहिली की." त्यामुळं माझ्या हातावर आजही हिरव्या अक्षरात आहे: पेनिसिलिन आणि भावकी नको. माझ्या चुलत्यानं ते पहिल्यांदा वाचलं आणि पुढची पंचमी होईपर्यंत तो आमच्या दारात आला नाही.

आज मी गावापासून फार लांब, गुजरातेत फरशीच्या कारखान्यात काम करतो. भट्टीतून निघालेली फरशी पट्ट्यावरून येत राहते आणि पांढऱ्या उजेडाखाली तिच्यातली केसाएवढी चीर, टाचणीच्या टोकाएवढं छिद्र ओळखून खूण करायची. खडे निवडायचंच काम आहे. उजव्या डोळ्यावर माझं घर चालतं. मी मुळातला घाबरट. साधी तापाची गोळी घेतली तरी पुढचा तासभर तळहात बघत बसतो. पण हात बघितला की ती अक्षरं दिसतात आणि थोडा धीर येतो.

एकदा गोदामात फरश्यांची थप्पी सरकली, माझ्या डोक्याला लागलं आणि शुद्ध गेली. दवाखान्यात सुई द्यायला सिस्टरनं माझी बाही वर केली आणि तिथंच थांबली. हे मला नंतर कळलं. तिथले डॉक्टर दुसऱ्या दिवशी हसत म्हणाले, "पेनिसिलिन तो समझ गए. ये भावकी कौन है?" मी म्हणालो, "साहब, खानदान." ते म्हणाले, "हमने पूरे खानदान को बाहर रखा. जिसने लिखवाया, उनको मेरा नमस्ते बोलना." मी फोनवर आक्कांना नमस्ते सांगितला. त्या म्हणाल्या, "चांगला माणूस दिसतोय. त्येला काय बाधतं, इचारलंस का?"

परवा त्यांच्या सुनेचा फोन आला. आक्कांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय. दुकानात हळद मागितली तर तिखट बांधून देतात. ऑपरेशनचं नाव काढलं की विषय बदलतात. गावातली किती म्हातारी माणसं त्यांनी हाताला धरून दवाखान्यात नेली, आणि स्वतःची वेळ आली तर नको म्हणतात. मी फोन त्यांच्याकडं द्यायला सांगितला.

"आक्का, ऑपरेशन कावून करून घेईनात तुमी?"

"बघायचं ते बघून झालं की रं."

"भ्या वाटतंय का?"

 पलीकडून हळूच, "जरा जरा."

 त्यांच्या तोंडून हे ऐकलं आणि एकदम लक्षात आलं की एक गोष्ट मला माहीतच नाही. मी विचारलं, "आक्का, तुमाला काय बाधतं?"

 हा प्रश्न त्यांना आजवर कुणी विचारला नव्हता. मी नाही, चेअरमननं नाही, ज्यांच्या ज्यांच्या ताटातलं नको ते त्यांनी वेळेवर काढून घेतलं, त्यांतल्या कुणीच नाही.

"मला सगळं चालतंय," आक्का म्हणाल्या.

"सगळं चालणारा माणूस मी अजून बघितला न्हाई. आठवा. आठवलं की सांगा."

त्या हसल्या. पूर्वीसारखं गिरणीपर्यंत ऐकू जाणारं नाही, पण हसल्या. म्हणाल्या, "थांब. आठवून सांगते."

दिवाळीत आमची भट्टी थंड असते. तेव्हा मी येतोय, आक्का. मॅडमकडं तुम्हाला मीच नेणार. तुम्ही आठवून सांगाल ते वॉचमनपासून चहावाल्यापर्यंत सगळ्यांना सांगणार, आणि मॅडमनाही दारात उभं राहून पुन्हा एकदा. आत तुम्हाला जितकं बोलायचं तितकं बोला, बाहेर मी असेन. पट्टी सुटेल तेव्हा समोरही मीच असेन. काय वाकडं दिसेल ते खुशाल सांगा. आणि तुमच्या हातावरच्या जुन्या गोंदणात थोडी जागा उरली असेल तर तुम्हाला बाधणारं काय असेल ते तिथं लिहून घेऊ, भावकीसकट.